वहिनीच्या नावावर

७ नोव्हेंबर १९९३, रविवार
पुन्हा आलंय. गणपतीपासून तिसऱ्यांदा. तीच जागा. परवा नुसती चुणचुण, काल पाण्याने भरलेले चार दाणे, आज फुटले. लघवीला बसलं की ओठ चावून बसावं लागतं. आठवीच्या विज्ञानाचे पेपर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याने तपासले. ‘वनस्पतींना सूर्यप्रकाश का लागतो’ याला एकीने लिहिलंय, ‘वाळायला.’ पूर्ण मार्क द्यावेसे वाटले.

वहिनी दिवाळीच्या चिवड्याचे पोहे उन्हात घालत होती. “वन्सं, अशा का चालायलाव?” म्हटलं, टाचेला काटा लागलाय. “मग टाच धरून चाला की,” आणि हसली. हिला जगात काहीही झालं तरी हसू येतं. अकरा वर्षं लग्नाला, मूल नाही, परभणीला नेऊन दादाने तिची तीनदा तपासणी करवली (स्वतःची एकदाही नाही), तरी हसते. मेंदूच्या जागी पोहे.

१० नोव्हें., बुधवार
गावातल्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी तोंड खिडकीकडे करून विचारलं, “कुठं आहे?” सांगितलं. ते आणखी खिडकीकडे वळले. “उष्णता आहे, बाई. सब्जा खा. फार उभ्या राहू नका.” बघितलं नाही. गजकर्णाचं मलम लिहून दिलं. खिडकीतून त्यांना जे दिसत होतं त्याला गजकर्ण झालं असावं.

मागच्या वर्षीच्या वैद्याने नागीण सांगितली होती. त्यानेही न बघताच. निदान त्याच्या खिडकीला पडदा होता.

२३ नोव्हें., मंगळवार
दिवाळीतच बसलं. नऊ दिवस लागले. खपली गेली, खूणसुद्धा नाही. जसं काही झालंच नव्हतं. आमच्या घराण्यासारखंच.

आज दुपारी वही तपासताना एकदम आठवलं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी ओव्हरसियरच्या क्वार्टरमध्ये होते, कालव्याच्या कॉलनीत. (नवरा लिहायला हात होत नाही. तीन वर्षांपूर्वी घर सोडलं तेव्हापासून तो हुद्द्यानेच.) लग्नाला वर्ष झालं होतं. ताप, जांघेत गाठी, दोन दिवस लघवी नीट झाली नाही. मी रडत होते. त्याने काही विचारलं नाही. उठला, दाढीच्या डब्यातून एक ट्यूब काढून दिली. “हे लाव. उष्णता आहे.”

ट्यूब अर्धी वापरलेली होती.

सात वर्षं झाली. सात वर्षांत मला हे सुचलं नाही की ती अर्धी कुणी वापरली. आणि मी मुलींना निरीक्षण-अनुमान शिकवते.

५ डिसेंबर, रविवार
सकाळी दादाने पेपर मोठ्यांदा वाचला. कुठला तरी नवा रोग, इंजेक्शनने, रक्ताने, ‘संबंधाने’ होतो. औषध नाही. माणूस वाळत वाळत मरतो. दादा म्हणाला, “असल्या लोकायला गावाबाहेर ठुवायला पायजे. एकच कुंपन घालायचं, झालं.” कचेरीत कारकून आहे, कुंपणापलीकडे डोकं जात नाही.

वहिनी म्हणाली, “अन जेवायला कोन घालनार त्यायला?”

“तू घाल!”

मी चहा संपवला.  दोन महिन्यांत वजन कमी झालंय का? ब्लाउज सैल वाटतो. शाळेतल्या काट्यावर उद्या बघू.

६ डिसें.
एक किलो जास्त. तरीही.

२१ डिसें., मंगळवार
गेले. शिक्षकांची सभा आहे म्हणून सांगितलं. पहाटेची एसटी, जिंतूर, मंठा, जालना, औरंगाबाद. चुणचुण दोन दिवसांपूर्वीच सुरू झाली होती, म्हणूनच आजचा दिवस धरला. गजकर्णवाल्यासारखं ‘आता तर काही नाही’ ऐकायचं नव्हतं.

डॉ. सरंजामे बाई. चामडीच्या आणि ‘त्या’ रोगांच्या. बाहेर बाकावर सात माणसं, सातही भिंतीकडे तोंड करून. एकाने तर मफलर डोळ्यांपर्यंत ओढला होता. मनात आलं, काय काय करून आलेत मेले. मग लक्षात आलं, मी पदर नाकापर्यंत घेतलाय.

कंपाउंडर जोरात: “नाव?”

मी वहिनीचं सांगितलं. पूर्ण. सौ. शैलजा, पुढे दादाचं नाव, आडनाव. पत्ता घरचा. तोंडातून निघून गेलं. वहीत लिहून घेणार, कोण बघतंय.

बाई साठीच्या, कपाळ कोरं, आवाज करडा. पडदा ओढला, दिवा लावला, वाकून बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बघितलं. एक दाणा फोडून पात्याने खरवडलं, काचपट्टीवर घेतलं. ओरडले नाही. बाई आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. मी छताचा पंखा बघत होते.

“किती वेळा येतं?”

“वर्षाला पाच-सहा.”

“आणि सात वर्षं अंगावर काढलंस?”

“सगळे उष्णता म्हणायचे.”

“उष्णता उन्हात असते. हे हर्पीस आहे. स्लाइडवर दिसतंय.”

मग सगळं सांगितलं, भाजी कशी निवडायची हे सांगावं तसं. मरत नाही माणूस. जातही नाही. जंतू नसेच्या मुळाशी जाऊन झोपतो, जागरण झालं, ताप आला, पाळी आली, जीव टांगला की उठतो. हळूहळू कमी वेळा उठेल. गोळ्या आहेत, महाग आहेत. चुणचुण सुरू होताच घेतल्या तर दिवस कमी होतात. मलमं सगळी फेकून दे. मिठाच्या कोमट पाण्याने धू, कोरडं ठेव, सुती घाल. जखम असताना संबंध नाही, एरवी निरोध. तरी शंभर टक्के खात्री नाही. बादलीने, ताटाने, संडासाने पसरत नाही. हात साबणाने धुवायचे. कधी मूल झालं तर डॉक्टरला आधी सांगायचं.

मी विचारलं, नवऱ्याकडूनच आलं ना?

“ते स्लाइडवर लिहिलेलं नसतं. पुष्कळांना स्वतःलाही माहीत नसतं.”

त्याला माहीत होतं, म्हटलं. ट्यूब होती.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, “मग त्याला कळव. तो आता आणखी कुणाला देत असेल.” याचा मला कधी विचारच आला नव्हता.

रक्त घेतलं. एक गरमीसाठी (सिफिलिस), एक त्या पेपरातल्यासाठी. दुसऱ्याचा नमुना मुंबईला जातो. “पंधरा जानेवारीला ये, शैलजा.”

मी क्षणभर मागे बघितलं, वहिनी आली की काय.

२९ डिसें.
त्रास ५ दिवस. गोळ्यांनी फरक पडला. मीठ-पाण्याने जास्त पडला असेल. लिहून ठेवतेय: ५.

१५ जानेवारी १९९४, शनिवार
जाता आलं नाही. काल विद्यापीठाचं नाव बदलल्याचं जाहीर झालं. सकाळी स्टँडवर गेले तर एकही गाडी सोडत नव्हते. पोलीस, आणि चार पोरं टायर घेऊन. कंट्रोलर म्हणाला, “मॅडम, घरी जावा. कधी सुटतील, काय माहीत.”

आमच्या बैठकीत दादाच्या कचेरीतले तिघं. “आता डिग्रीवर काय छापून येनार बघा!” दादा इतका संतापलेला की कपातला चहा बशीत, बशीतला धोतरावर. बी.ए.ला दोनदा नापास झालेला माणूस. त्याच्या कोणत्या डिग्रीवर काय छापणार?

माझं रक्त मुंबईहून येऊन तिथे पडलंय. जगायचं का मरायचं ते टेबलावर आहे, आणि यांना नावाची पडलीय.

१७ जाने., सोमवार
साळवेबाईंनी स्टाफरूममध्ये नामांतराचे पेढे वाटले. अर्ध्या स्टाफला एकदम मधुमेह झाला. मी दोन खाल्ले. साळवेबाईंनी माझ्याकडे बघितलं, तिसरा ठेवला.

गाड्या सुरू झाल्यात. येत्या शनिवारी जाते.

१९ जाने., बुधवार
शाळेतून आले तर घर गप्प. चूल थंड. दादा बैठकीत कचेरीच्या कपड्यांत. त्याच्यापुढे लांबट खाकी पाकीट, फोडलेलं. कोपऱ्यात रबरी शिक्का: त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ.

पोस्टमनने कचेरीतच नेऊन दिलं त्याच्या हातात. सगळ्यांसमोर. त्या शहाण्या कंपाउंडरने गाड्या बंद म्हणून माया केली, रिपोर्ट पोस्टात टाकला. सौ. शैलजा, पुढे दादाचं नाव.

दादाने कागद माझ्याकडे फेकला. “वाच. तुला विंग्रजी येतं. तुझ्या वैनीचे पराक्रम वाच.”

वाचलं. पहिली चाचणी: निगेटिव्ह. दुसरी: निगेटिव्ह. मरणार नाही. खाली बाईंच्या अक्षरात मराठीत: ‘हर्पीसखेरीज काही नाही. काळजी नको. पतीचीही तपासणी व्हावी.’

मी खरंच सुटकेचा श्वास टाकला. त्याच्यासमोर, मोठ्यांदा. त्याला वाटलं मी हाय खाल्ली.

वहिनी स्वयंपाकघरात पाटावर. “वन्सं, मी तर औरंगाबादच्या बाजूला मंठ्याच्या फुडं कवा गेले न्हाई हो.” गालावर चार बोटं उठलेली.

“मंग तुझं नाव काय आकाशातून पडलं?” दादा दारातून.

बोरीला निरोप गेलाय. तिच्या वडिलांना, आबांना, बोलावून घेतलंय. ‘पोरगी घिऊन जा’ म्हणून.

मी तोंड उघडलं होतं. म्हणाले, “पाणी देऊ का?”

आज बोलले नाही.

२० जाने., गुरुवार
सकाळी न्हाणीजवळ. वहिनी कपडे घासत होती, माझेही. मी बादली भरायला वाकले. ती वर न बघता म्हणाली, “वन्सं, नाताळाच्या आधी तुमची सभा व्हती न्हवं? औरंगाबादला?”

हो म्हटलं.

“तुमच्या परकरावरले डाग मीच धुते. तीन वर्षं झाली. टाचंला काटा लागला म्हंजी डाग कुठं पडतेत, मला कळत न्हाई व्हय?”

मी उभी. पाणी बादलीवरून वाहून चाललं.

“तुझ्या दादाला सांगितलंस का?” मी विचारलं. हेच विचारलं. तिला ‘तुझा दादा’ म्हणाले, नवऱ्याला. जीभ अशी वळली.

“मी न्हाई सांगनार. तुमी सांगा.” आणि परकर पिळला, झटकला, दोरीवर टाकला. हसली नाही.

शाळेत पचनसंस्था शिकवली.

२१ जाने.
बोलले नाही. दोनदा बैठकीपर्यंत गेले. एकदा दादा पानाला चुना लावत होता, एकदा नुसताच बसला होता. दोन्ही वेळा मला वाटलं ही वेळ बरी नाही. कोणती बरी असते?

नोकरी जाईल. ‘टाकलेली’ तर आहेच, आता ‘असली’ होईन. मुलींच्या शाळेत. हे सगळं मोजलं. तिच्या गालाचं मोजलं नाही. ओव्हरसियरने ट्यूब दिली होती तेव्हा त्याचं तोंड असंच असणार, आज माझं आहे तसं. शांत.

२२ जाने., शनिवार
आबा आले. सत्तरीचा शेतकरी, कडेला बसला, पागोटं मांडीवर. दादाने रिपोर्ट त्यांच्यापुढे नाचवला. त्यांना अक्षर येत नाही. ते कागदाकडे नाही, मुलीच्या गालाकडे बघत होते.

“लेक हाय माझी,” म्हणाले. “कुनी सांगिटलं म्हून मी काई मानीत न्हाई. तिला इचारलं का?”

“कागदावर नाव हाय! कागद खोटं बोलतो का?”

मी म्हणाले, “नाव मी दिलंय. रोग माझा आहे. मी गेले होते.”

पाठ केलेली वाक्यं होती, पुढची विसरले. दादाने माझ्याकडे बघितलं ते जसं काही भिंत बोलली. मग सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, वर्गात सांगते तसं: काय आहे, कशाने होतं, कशाने होत नाही, ओव्हरसियरकडून आलं, मरत नाही, जात नाही. आबांनी पागोटं डोक्याला लावलं, मान खाली घातली. दादा: “तू? शिकली सवरलेली?” आणि मग, इतक्या वर्षांत ऐकला नव्हता असा आवाज, “म्हंजी शैलाला काई न्हाई?”

त्याच्या तोंडावर आनंद होता. चक्क. मला वाटलं वहिनीसाठी.

वहिनीने तोवर पिशवी भरली होती. आबा म्हणाले, बाई, आता तर उलगडा झाला. “झाला,” ती म्हणाली. “चला.”

दादा: “अगं, आता कशाला? चूक झाली, माझी चूक झाली म्हनायलोय न्हवं!”

तिने चपला घातल्या. बोरीची गाडी चारची होती, त्या दोघांनी तीनलाच स्टँड गाठलं.

२३ जाने.
दादाने नवी बादली आणली. आपली वेगळी. ताटावर खिळ्याने खूण केली. मी केलेलं खात नाही, खानावळीत जातो. सांगितलं, बादलीने होत नाही. “तुला काय म्हाईत!” मलाच तर माहीत आहे. अख्ख्या तालुक्यात या घडीला मलाच.

३ फेब्रुवारी
चुणचुण. अर्थात. बाईंनी सांगितलं होतं, जीव टांगला की उठतं. गोळी लगेच. मु.अ. बाईंकडे दोन दिवसांची रजा मागितली. “काय होतंय?” म्हटलं, बायकांचं. चष्म्यावरून बघत राहिल्या. कचेरीतून शाळेत यायला बातमीला किती वेळ लागतो? लागला असेल तेवढा झाला. रजा दिली. काढून टाकायचं तर विज्ञानाला दुसरी बाई मिळाली पाहिजे, ती जिंतूरला येत नाही. माझी अब्रू बी.एस्सी.वर टिकून आहे.

७ फेब्रु.
४ दिवस.

ओव्हरसियरला लिहायला बसले. पोस्टकार्ड घेतलं मुद्दाम. त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर, शिपायापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांनी वाचावं म्हणून. चार ओळी लिहिल्या, मोठ्या अक्षरात. वाचून बरं वाटलं. मग कचेरीतलं ते खाकी पाकीट आठवलं. फाडलं. तेच साध्या कागदावर लिहून पाकिटात घातलं: तुला हर्पीस आहे, मला आहे, तपासून घे, जी कुणी असेल तिला सांग. उत्तर नको.

त्याच्यासाठी नाही. जी कुणी असेल तिच्यासाठी. तीही मूर्ख असेल माझ्यासारखी, ट्यूब लावत बसली असेल.

१३ फेब्रु., रविवार
बोरीला गेले. वहिनी अंगणात तूर पाखडत होती. बसा म्हणाली नाही. मी बसले.

“माझंच नाव का घेतलंत? शंभर नावं व्हती.”

रस्त्यात तयार केलेलं सांगणार होते: घाबरले होते, सुचलं नाही. तिच्यापुढे निघालं ते खरं. म्हटलं, तुझ्याबद्दल कधी विचारच केला नाही, म्हणून. तुझ्या नावाला काय होणार असं वाटलं.

“ते ठावं हाय मला.” सूप थांबलं नाही.

माफी मागितली. ती घेतली नाही. “तुमचं सोडा. तुमी तीन दिवसांनी का व्हईना, बोललाव. पर ह्यांचं काय?” मग आवाज खाली: “कागद घिऊन आले त्या दिशी मला आदी मारलं न्हाई. आदी दार लावून इचारलं, कवापासून हाय. मंग म्हनले, ‘शैले, माझ्यामुळं तर न्हाई ना?’ मी म्हनलं, तुमच्यामुळं म्हंजी? तवा मारलं.”

 मग सगळं जागेवर बसलं. महिन्यातून दोनदा दादा रात्रीचा परभणीला राहतो ते ‘जिल्ह्याचं काम’. त्या दिवशीचा तो आनंद, स्वतःसाठीचा. कुंपण.

“अकरा वर्षं मला तपासायलेत,” वहिनी म्हणाली. “तीन डाक्टर झाले. आता त्यांनी जावं. त्यांचा कागद आला की मी येते. न्हाई आला तर न्हाई येत. अन मला बी त्या बाईकडं न्या.”

या बाईला मी अकरा वर्षं पोहे समजत होते.

२५ फेब्रु., शुक्रवार
वहिनीला नेलं. मंठा मागे पडल्यावर ती खिडकीतून सगळं बघत होती, जालन्याच्या स्टँडवर केळी घेतली, अर्धा डझन मला दिली. 

कंपाउंडर: “नाव?”

तिने सांगितलं, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. त्याने वही चाळली. “या नावाच्या पेशंट येऊन गेल्यात डिसेंबरात.”

“ती मी न्हवं. मी आत्ता आले.”

माझ्याकडे बघितलं नाही. मफलर, पदर, सगळे भिंतीकडून तिच्याकडे वळले होते. तिने पदर खांद्यावरच ठेवला.

बाईंनी तिला तपासलं. अंगावर काही नाही. रक्त घेतलं. हर्पीसचं म्हणाल्या, दाणा उठल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, कधी उठलाच तर लगेच यायचं. “आणि मूल नाही म्हणून तिघांकडे गेलीस, नवऱ्याची तपासणी कुणी सांगितली नाही?”

“सांगिटली व्हती एकानं. त्यांनी डाक्टर बदलला.”

मग बाई माझ्याकडे वळल्या. “तू काय म्हणून घेतेस हल्ली स्वतःला?” खरं नाव सांगितलं. लिहून घेतलं. रागावल्या नाहीत, त्याचाच राग आला.

१४ मार्च
वहिनीच्या रक्तात काही नाही. पाकीट बोरीला आबांच्या नावे आलं, साधं, शिक्का नसलेलं. बाईंना मी सांगितलं होतं.

दादाला सांगितलं. “मंग झालं की! आता यायला काय झालं तिला?” म्हटलं, तुझा कागद पाहिजे तिला. ताट ढकललं. खानावळवाल्याचा कंटाळा आल्यामुळे आठवड्यापासून माझंच खातोय, खुणेच्या ताटात. “मला काय धाड भरलीय! मी गडी मानूस हाय.” गडी माणसाच्या अंगावर जंतू परवानगी मागून चढतो असं याला वाटतं.

विचारलं, जिल्ह्याचं काम कसं काय चाललंय?

तो पानाचा डबा शोधायला उठला. डबा त्याच्यापुढेच होता.

२ एप्रिल
फेब्रुवारीनंतर नाही. दोन महिने होतील. कोरडं, स्वच्छ, झोप आठ तास. एवढ्यासाठी सात वर्षं दोन पुरुषांना खिडकीबाहेर बघू दिलं.

आठवीतल्या एकीच्या आईने शाळेबाहेर गाठलं. इकडचं तिकडचं बोलली, मग: “बाई, तुमाला एक इचारायचंय. तुमाला... कळतं म्हने त्यातलं.” म्हणजे बातमी सगळीकडे आहे. रागाने कान तापले. मग तिचं चालणं बघितलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी चार वाजता या म्हटलं, घरी. शाळेत नको.

९ एप्रिल, शनिवार
परवा पाडवा. वहिनीचा निरोप नाही, येणार नाहीच. दादाने गुढीची काठी धुवून ठेवली, साडी कुठे असते त्याला माहीत नाही. तीन पेट्या उघडल्या.

भाजी चिरत होते. दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ. मी वर बघितलं नाही.

“ते... तुझं... कसं अस्तं? आदी दुखतं, का आदी दिसतं?”

सुरी थांबली. म्हटलं, आधी चुणचुण. मग दाणे.

“अन पुन्ना पुन्ना येतं?”

“येतं.”

“नुसतं इचारायलोय.”

कपाळावर घाम, पंखा चालू असताना. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला. बोलायला खूप काही होतं माझ्याकडे. कुंपणापासून सुरुवात करता आली असती. चार बोटांपर्यंत यायला वेळ लागला नसता. तोंडात आलंही होतं.

म्हटलं, मंगळवारी मी बाईंकडे चाललेय, गोळ्या संपल्यात. पहाटेची गाडी. बरोबर यायचं तर ये. त्या बघतात, खिडकीकडे तोंड करत नाहीत.

“वळखीचं कुनी भेटलं तर?”

“तर तोही तिथेच आलेला असेल.”

 बैठकीत गेला.

त्या मुलीच्या आईला मंगळवारऐवजी बुधवार सांगायला हवा. वहिनीला काही कळवलेलं नाही. कळवण्यासारखं अजून झालंय काय?

संध्याकाळी धोबी आला तेव्हा दादाच्या हातात टेरिकॉटचा शर्ट होता. मंगळवारी पहाटे घालायचाय, सोमवारीच पाहिजे, असं धोब्याला दारातून सांगत होता. कचेरीत तो चुरगळलेलाच घालून जातो.